प्रोसेसरला कायमचे १.४ व्होल्ट देऊ नका

भांडुपहून एक विद्यार्थिनी लिहिते:

"मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि संगणक जुळवला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३६०० रॅम, आरटीएक्स ३०६० कार्ड आणि १६५ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर आहे. कूलर प्रोसेसरच्या खोक्यात आलेलाच आहे. घरी एसी नाही आणि कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात असते. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळताना मध्येच झटके बसतात. कॉलेजातला एक मित्र म्हणतो की सगळे कोअर ४.७ गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १.४ वर कायम कर. सीपीयू-झेडमध्ये रॅमचा वेग ३६०० ऐवजी १३३३ दिसतो, म्हणजे दुकानदाराने फसवले का? बाबा म्हणतात की काही जळाले तर दुसरे मिळणार नाही. वॉरंटी जाते का? शिवाय ठाण्याच्या मावसभावाकडे आय७-१३७००के आणि बी७६० बोर्ड आहे, त्यालाही हेच करायचे आहे. त्याने काय करावे?"

१.४ व्होल्टचा तो आकडा लावू नका. लावून पाहिला असेल तर आजच बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन मूळ सेटिंग परत आणा आणि मग पुढचे वाचा. तुमच्या संगणकात वेग मिळवायला जागा आहे, पण ती मित्राने दाखवली तिथे फारशी नाही. ती रॅममध्ये आहे आणि त्या वेगाचे पैसे तुम्ही आधीच मोजलेले आहेत.

प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका आणि त्याला लावलेला गुणक यांचा गुणाकार, म्हणजे ४७ चा गुणक लावला की ४.७ गिगाहर्ट्झ. नुसता गुणक वाढवल्याने चिप सहसा जळत नाही. वेग झेपला नाही तर संगणक अडकतो किंवा पुन्हा सुरू होतो, एवढेच. पण वाढवलेला वेग टिकावा म्हणून व्होल्टेज वाढवावे लागते आणि खरा खर्च तिथे सुरू होतो, कारण चिप खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, कामात असताना तुमचा प्रोसेसर आज १.२ व्होल्टवर ४.३ गिगाहर्ट्झ देत आहे. तो १.४ व्होल्टवर ४.७ ला नेला तर वेग सुमारे ९ टक्के वाढेल आणि वीज सुमारे ४९ टक्के. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच छोट्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडणार, आणि तापलेली चिप प्रवाहाच्या गळतीमुळे आणखी थोडी वीज खाणार.

नुकसान पहिल्या दिवशी दिसत नाही, म्हणून लोक फसतात. जास्त प्रवाह आणि जास्त तापमान यांच्या माऱ्याखाली चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांतील धातूचे अणू हळूहळू जागा सोडतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. त्याने होते असे की काही महिन्यांपूर्वी बिनतक्रार चाललेली सेटिंग एके दिवशी चालेनाशी होते, मग माणूस व्होल्टेज आणखी एक पायरी वाढवतो आणि झीज आणखी वेगाने होते. झालेली झीज कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही.

तुमचा मित्र कदाचित तापमान आणि व्होल्टेज दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो हे साधन उघडून दाखवेल की काहीही न बदलतासुद्धा प्रोसेसर अधूनमधून १.४ व्होल्टच्या वर जातो, मग भीती कसली? ही शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर तापमान, प्रवाह आणि एकूण वीज यांच्याकडे सतत पाहत आपले व्होल्टेज ठरवतो. एखाद-दुसरा कोअर क्षणभर जोरात धावतो तेव्हा तो व्होल्टेज वर नेतो, कारण त्या क्षणी एकूण प्रवाह थोडा असतो आणि चिप थंड असते. सगळे सहा कोअर कामाला लागले की तोच प्रोसेसर व्होल्टेज बरेच खाली आणतो. तुमच्या ५६०० ची छापील क्षमता ६५ वॉट असली तरी सॉकेटमधून घ्यायच्या विजेची मूळ मर्यादा ७६ वॉट आहे, आणि त्याशिवाय प्रवाहाच्या ६० आणि ९० अँपिअर अशा दोन मर्यादा आहेत. तुम्ही गुणक आणि व्होल्टेज हाताने कायम केले की या मर्यादा बाजूला पडतात आणि १.४ व्होल्ट सगळ्या कोअरवर, पूर्ण प्रवाहाच्या वेळीही, तसेच राहतात. स्क्रीनवरचा आकडा दोन्ही वेळा सारखा दिसतो, पण चिपवर पडणारा ताण सारखा नसतो.

हे सगळे सोसून मिळणार किती? तुमचा प्रोसेसर स्वतःहून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आणि कूलरने साथ दिली तर खेळताना तो त्याच्या जवळपासच असतो. तिथून ४.७ म्हणजे फार तर ७ टक्के, आणि खेळातल्या फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रे, त्याहून अधिक प्रमाणात वाढू शकत नाहीत. १९९८ साली सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बसचा, म्हणजे त्याच्या मूळ ठोक्याचा, वेग ६६ वरून १०० वर नेला की ४५० वर चालत असे, म्हणजे थेट दीडपट. ओव्हरक्लॉकिंगबद्दलचे, म्हणजे छापील वेगापेक्षा जास्त वेगाने चिप पळवण्याबद्दलचे, आकर्षण पुष्कळसे त्या काळाचे आहे. आजच्या प्रोसेसरमध्ये ती शिल्लक कारखान्यातच वापरून झालेली असते.

पुढे जाण्याआधी एक चाचणी करा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये तुमच्या नेहमीच्या सेटिंगवर फ्रेमचा आकडा लिहून घ्या आणि मग रिझोल्यूशन फुल एचडीवरून ७२० वर आणा. आकडा बराच वाढला तर अडवणूक ग्राफिक्स कार्डाची होती, आणि प्रोसेसर-रॅमवरची मेहनत त्या खेळात दिसणार नाही. आकडा जवळपास तिथेच राहिला तर प्रोसेसर आणि रॅम अडवत आहेत. तुम्ही लिहिलेले दोन्ही खेळ बहुधा दुसऱ्या गटात निघतील. भरगच्च दृश्यांचे, एकट्याने खेळायचे मोठे खेळ मात्र आरटीएक्स ३०६० वर बहुतेक वेळा पहिल्या गटात मोडतात. सरासरीबरोबर सर्वात मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही नोंदवा, कारण तुम्हाला जे झटके जाणवतात ते सरासरीत लपतात आणि तिथे उघडे पडतात.

आता रॅम. दुकानदाराने फसवलेले नाही. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते आणि सीपीयू-झेड हे सुट्या भागांची माहिती देणारे साधन मूळ ठोका दाखवते, म्हणून १३३३ म्हणजे २६६६. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर तुम्हाला २६६६ हाच आकडा दिसेल. खोक्यावर छापलेला ३६०० हा वेग रॅम आपणहून घेत नाही. मदरबोर्ड प्रथम सर्वत्र चालेल असा सावध, प्रमाणित वेग लावतो, आणि कंपनीने तपासलेला वरचा वेग रॅममध्येच साठवलेल्या एका प्रोफाइलमध्ये असतो. ते प्रोफाइल बायॉसमध्ये जाऊन आपल्याला चालू करावे लागते. इंटेलने रूढ केलेले त्याचे नाव एक्सएमपी. एएमडीच्या बोर्डांवर असुस त्याला डीओसीपी म्हणते, एमएसआय ए-एक्सएमपी म्हणते, आणि डीडीआर५ च्या काळात २०२२ पासून एएमडीचे स्वतःचे एक्स्पो आले. महाग रॅम घेऊन वर्षानुवर्षे २६६६ वर चालवणारे पुष्कळ लोक आहेत आणि त्यांना कोणी हे सांगितलेले नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फरक किती पडतो ते साध्या हिशेबाने पाहता येते. २६६६ वर एका चॅनेलमधून, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या एका मार्गातून, सेकंदाला सुमारे २१.३ जीबी माहिती जाऊ शकते आणि ३६०० वर २८.८ जीबी, म्हणजे ३५ टक्के अधिक. खेळांसाठी त्याहून महत्त्वाचा असतो तो मागितलेली माहिती येऊ लागेपर्यंतचा विलंब. २६६६ च्या प्रमाणित सेटिंगमध्ये सीएल, म्हणजे त्यासाठी लागणारे ठोके, १९ असेल तर तो सुमारे १४.२५ नॅनोसेकंद होतो. ३६०० आणि सीएल १८ वर तो १० नॅनोसेकंदांवर येतो. रॅम विकत घेताना नुसता मोठा वेग पाहणाऱ्यांनी हा हिशेब करावा, कारण ३२०० सीएल १६ आणि ३६०० सीएल १८ या दोन्हींचा विलंब नेमका १० नॅनोसेकंदच आहे. रायझनमध्ये याला आणखी एक पदर आहे. प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारे इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या मूळ ठोक्याशी एकास एक जुळलेले असेल तर विलंब कमीत कमी राहतो, आणि ३६०० वर ते १८०० मेगाहर्ट्झवर चालते, जे ५००० मालिकेतल्या बहुतेक चिपना झेपते. म्हणून तुमच्यासाठी ३६०० हे योग्य ठिकाण आहे. ४००० ची रॅम घेऊन एकास एक हे नाते तुटले, तर खर्च वाढूनही खेळात घाटा होऊ शकतो.

बायॉसमध्ये जाण्याआधी तुमचे प्रकल्प, प्रबंध, फोटो, जे काही जपायचे आहे त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. ही औपचारिकता समजू नका. घरगुती रॅममध्ये चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी यंत्रणा नसते. अस्थिर रॅम दर वेळी निळी स्क्रीन दाखवून आपली चूक कबूल करत नाही. कित्येकदा ती एखादा बिट गुपचूप उलटा करते आणि तो तसाच फाइलमध्ये जाऊन बसतो. खेळ तासभर नीट चालतो आणि दोन आठवड्यांनी एखादे झिप उघडत नाही किंवा विंडोज अपडेट वारंवार अपयशी ठरते. प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकची जेवढी चर्चा होते त्याच्या तुलनेत या धोक्याची फार थोडी होते, आणि विद्यार्थ्याच्या संगणकात हाच धोका मोठा आहे.

संगणक बंद करून रॅमच्या दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, ते पाहा. चार खाचांच्या बोर्डावर त्या पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या खाचेत बसवल्या असतील तर दोन चॅनेलऐवजी एकच वापरला जात असेल आणि झटक्यांचे अर्धे कारण तिथेच सापडेल. मग प्रोफाइल चालू करा, बदल जतन करा आणि वाट पाहा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी वेळा जुळवून घेतो, तेव्हा स्क्रीन काही काळ काळी राहू शकते आणि संगणक आपणहून एक-दोनदा बंद-चालू होऊ शकतो. त्या वेळी घाबरून मुख्य स्विच बंद करू नका. जुळले नाही तर बहुतेक बोर्ड स्वतःच मूळ वेगावर परततात. तेही झाले नाही तर बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना जोडून सीमॉस, म्हणजे बायॉसची सेटिंग साठवणारी जागा, पुसता येते, किंवा संगणकाची वायर काढून सीआर२०३२ ही गोल बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवता येते.

विंडोज सुरू झाल्यावर झेनटायमिंग्ज हे छोटे साधन उघडा. त्यात रॅमचा ठोका, मेमरी कंट्रोलरचा ठोका आणि फॅब्रिकचा ठोका असे तिन्ही आकडे १८०० दिसले पाहिजेत. रॅमचे व्होल्टेज १.३५ दिसेल, डीडीआर४ ची प्रमाणित पातळी १.२ असली तरी एक्सएमपीसाठी १.३५ नेहमीचेच आहे. एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारे व्होल्टेज, मात्र मुद्दाम पाहा, कारण प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड ते न सांगता वर नेतात. तुमच्या प्रोसेसरला १.१ च्या आसपास पुरते. ते १.२ च्या वर गेलेले दिसले तर हाताने खाली आणा. या आकड्याकडे दुर्लक्ष केल्याने काय होते ते २०२३ च्या एप्रिलमध्ये जगाने पाहिले: रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याच्या घटना समोर आल्या, वाढलेले एसओसी व्होल्टेज कारण म्हणून पुढे आले आणि एएमडीने बायॉस सुधारणेतून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. ती चिप तुमच्या चिपहून वेगळी आहे, पण "आपोआप" या सेटिंगवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हे तिच्यावरून शिकता येते.

यानंतर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे साधन पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करा आणि त्याच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपलेले बरे. एकही चूक चालत नाही. "एकच तर आली" असे म्हणून पुढे जाऊ नका. त्यानंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटीची मेमरी चाचणी घ्या, कारण ग्राफिक्स कार्डाच्या उष्णतेत रॅम तापते आणि थंड असताना न दिसलेली चूक तेव्हा दिसू शकते. चूक आली तर व्होल्टेज वाढवण्याआधी वेग ३४६६ वर आणि तेही जमले नाही तर ३२०० वर आणा, प्रोफाइलमधल्या बाकीच्या वेळा तशाच ठेवून. २६६६ वरून ३२०० ला येणे हीसुद्धा मोठी सुधारणा आहे, आणि ३२०० हा तुमच्या प्रोसेसरचा अधिकृत कमाल वेगही आहे.

आता खोलीकडे वळतो, कारण परदेशी व्हिडिओंमधले तापमानाचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच गरम राहू देतो. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण १० अंशांनी तापतो. २२ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारा संगणक मे महिन्यात दुपारी ३४ अंशांच्या, एसी नसलेल्या खोलीत ८२ वर जाईल. ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. त्यात कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात असेल तर मागून बाहेर टाकलेली गरम हवाच ते पुढून परत ओढते. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा आणि आधी एवढ्यानेच किती फरक पडतो ते एचडब्ल्यूइन्फोमध्ये पाहा. त्याला एक पैसाही लागत नाही. खोक्यात आलेला रेथ स्टेल्थ कूलर मूळ सेटिंगसाठी बनवलेला आहे. त्याच्यावर ओव्हरक्लॉक करू नका. पैसे जमले की १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्या आणि कॅबिनेटला मागे हवा बाहेर टाकणारा पंखा नसेल तर तोही बसवा.

पावसाळ्यातल्या दमटपणाबद्दल अनेकजण विचारतात. हवेवर थंड होणारे भाग खोलीपेक्षा गरमच असतात, त्यामुळे चालू संगणकात दव धरत नाही. खरा त्रास धूळ आणि ओल एकत्र येऊन पंख्यांवर आणि कूलरच्या पात्यांत बसणाऱ्या चिकट थराचा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तो साफ करा.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट मात्र टाळू नका. बायॉस अपडेट करताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा बंद पडू शकतो. ते काम यूपीएसवरच करा, निदान शेजाऱ्यांचा मागून आणा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लगला अर्थिंग नाही असे समजा आणि कोणत्याही ओव्हरक्लॉकआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

रॅम आठवडाभर बिनचूक चालली, टॉवर कूलर आला आणि तरीही प्रोसेसरकडून काही मिळवायचे असेल, तर कायमच्या व्होल्टेजचा मार्ग सोडून प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पीबीओ, ही एएमडीची बायॉसमधली सोय आणि त्यातला कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे आकडा दिला की प्रत्येक वेगासाठी प्रोसेसर थोडे कमी व्होल्टेज मागतो, त्यामुळे तो थंड राहतो आणि त्याच मर्यादेत अधिक काळ वरच्या वेगावर टिकतो. इथे व्होल्टेज कमी करून वेग मिळवला जातो, म्हणून मुंबईच्या हवेत हा मार्ग मला सर्वात शहाणपणाचा वाटतो. सगळ्या कोअरना उणे १० पासून सुरुवात करा, वेगाची मर्यादा आणि विजेची मर्यादा दोन्ही मूळ ठेवा. उणे ३० पर्यंत जाता येते म्हणून जावेच असे नाही, आणि चिपमधले सर्वात चांगले कोअर सहसा सर्वात कमी सूट देतात, कारण ते आधीच कमी व्होल्टेजवर वेगाने धावत असतात.

याची चाचणी वेगळी असते. प्राइम९५ किंवा सिनेबेंच सगळ्या कोअरवर चालवून तुम्हाला तापमान कळेल, पण कर्व्हची चूक बहुधा हलक्या कामात उघडी पडते, जेव्हा एकच कोअर उडी मारून सर्वोच्च वेगावर जातो. संगणक तासन्‌तास खेळूनही नीट राहतो आणि तुम्ही ब्राउझर उघडून वाचत बसलात की अचानक पुन्हा सुरू होतो. म्हणून कोअरसायक्लर हे साधन वापरा. ते एकेका कोअरला आळीपाळीने तपासते. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगर (WHEA-Logger) या नावाच्या नोंदी शोधा. १८ क्रमांकाची नोंद म्हणजे संगणक हार्डवेअरच्या चुकीने कोसळला होता. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली आणि दुरुस्त केली गेली, आणि रायझनवर ती पुष्कळदा फॅब्रिकच्या वेगाकडे बोट दाखवते. तुम्हाला काही जाणवले नसले तरी अशी नोंद आली की एक पायरी मागे या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदल वहीत लिहा, नाहीतर चूक कोणत्या बदलाने आली ते कळणार नाही. एप्रिल-मे मध्ये, भर दुपारी, या चाचण्या पुन्हा घ्या. डिसेंबरच्या रात्री उत्तीर्ण झालेली सेटिंग तेव्हा अनुत्तीर्ण होऊ शकते.

वॉरंटीबद्दल आडपडदा न ठेवता सांगतो, आणि हे बाबांनाही वाचून दाखवा. एएमडीच्या अटींनुसार प्रोसेसर त्याच्या ठरवलेल्या मर्यादेबाहेर चालवल्याने झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही, आणि त्यात पीबीओ, कर्व्ह ऑप्टिमायझर आणि रॅमचे वेगवान प्रोफाइलही धरलेले आहे. रॅम बनवणारी कंपनी ३६०० हा वेग छापून विकते आणि प्रोसेसर बनवणारी कंपनी ३२०० च्या पुढची जबाबदारी घेत नाही, अशी ही स्थिती आहे. माझ्या मते १.३५ व्होल्टचे एक्सएमपी, एसओसी आटोक्यात ठेवून, हा फार छोटा धोका आहे आणि तो मी तुमच्या जागी घेईन. कूलर बदलल्यावर उणे १० चा कर्व्हही घेईन. सगळ्या कोअरवर कायमचे १.४ व्होल्ट मी घेणार नाही, आणि ज्या घरात दुसरा प्रोसेसर येणार नाही तिथे तर कोणालाच घ्यायला सांगणार नाही.

राहिला मावसभाऊ. त्याच्या प्रोसेसरच्या नावातला "के" गुणक खुला असल्याचे सांगतो, पण तो वापरायला इंटेलचा झेड मालिकेतला बोर्ड लागतो. बी७६० वर रॅमचे प्रोफाइल लावता येते, गुणक वाढवता येत नाही. तसेही त्याने वेग वाढवण्याच्या मागे लागू नये, कारण त्याला अधिक तातडीचे काम आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून स्वतःचे कायमचे नुकसान करून घेत होते. २०२४ मध्ये कंपनीने हे मान्य केले, त्या वर्षीच्या ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, सुधारणा दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या सुधारणा बायॉस अपडेटमधून येतात. त्याने बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून सर्वात नवा बायॉस यूपीएसवर घालावा आणि त्यात इंटेलचे मूळ पॉवर सेटिंग निवडावे. सुधारणेने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. त्यामुळे खेळ सुरू होताना शेडर, म्हणजे दृश्ये रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार होत असतानाच तो बंद पडत असेल, कार्डात जागा असूनही व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा संदेश येत असेल किंवा मोठ्या फाइल उघडताना विनाकारण चुका येत असतील, तर त्याने सेटिंगशी खेळत बसू नये. एक्सएमपी बंद करून हीच लक्षणे पुन्हा दिसतात का ते पाहावे आणि दिसली तर दुकानाचे बिल घेऊन वॉरंटीचा अर्ज करावा.